बिलावर मुलाचं नाव नको म्हणे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. घाई असेल त्यांनी खुशाल पुढं जावं.

संध्याकाळी मेडिकलमध्ये एक गृहस्थ आले. (ओळख पटू नये म्हणून दोनचार गोष्टी बदलून लिहितेय. साताऱ्यातल्यांनी उगाच अंदाज बांधत बसू नये.) शिकलेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी मऊ. गर्दी होती तोवर खोकल्याच्या बाटल्या न्याहाळत उभे राहिले. सगळे गेल्यावर चार घड्या घातलेली चिठ्ठी पुढं सरकवली. मानसोपचार तज्ज्ञांची चिठ्ठी, पेशंट दहावीच्या वयाचा. मी गोळ्या काढल्या, बिल करायला घेतलं, तर म्हणाले, "मॅडम, बिलावर मुलाचं नाव नको. माझं टाका."

मी म्हटलं, चिठ्ठी ज्याच्या नावाची बिल त्याच्या नावाचं. काही औषधांची तर पेशंटच्या नावासकट रजिस्टरला नोंद ठेवावी लागते, तो कायदाच आहे.

"बरं बरं, पण पाकीट कागदात गुंडाळून द्या. तो बाहेर गाडीत बसलाय. त्याला सांगितलंय, व्हिटॅमिनच्या गोळ्या आहेत."

मला सांगा, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला हे व्हिटॅमिन आहे म्हणून सांगायचं? त्याच्या हातात मोबाइल आहे. पाकिटावरचं नाव टाकलं की रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याला सगळं कळणार. आणि त्यासोबत हेही कळणार, की आपल्याला असं काहीतरी झालंय जे बापाला तोंडानं उच्चारवत नाही. आजारपण एकीकडं, ही एक नवीन भेट आपण त्याला घरातून देतो.

औषध मी दिलं. न देऊन कसं चालेल, पोराला गरज आहे. एवढंच म्हटलं, साहेब, डॉक्टरांना विचारा त्याला कसं सांगायचं ते, ते मदत करतात. त्यांनी मान हलवली आणि पाकीट खिशात घालून गेले.

मला एवढा राग का येतो, हे आमच्या घरच्यांना माहीत आहे. तुम्हालाही सांगते. भाच्याला विचारूनच लिहितेय. म्हणाला, "आत्या, लिही, पण नाव टाकू नकोस आणि ते तुझे फुलांचे फोटो पण लावू नकोस."

तो नववीत असताना हळूहळू मिटत गेला. आधी शाहू स्टेडियमला खेळायला जायचं बंद झालं, मग मित्रांचे फोन घेणं बंद, मग जेवण. रात्री जागा, सकाळी उठवत नाही. दादाला वाटलं मोबाइलचं खूळ, वहिनीला वाटलं वय आहे. शेवटी डॉक्टरांकडं नेलं. डिप्रेशन आहे म्हणाले, आधी काही दिवस बोलण्याची सत्रं झाली, मग गोळीही सुरू केली. इथपर्यंत दादा-वहिनीनं सगळं नीट केलं. पण त्याच रात्री दोघांनी घरात ठरवून टाकलं, की कुणी विचारलं तर मायग्रेन सांगायचं.

आणि मग त्या मायग्रेनचा संसार सुरू झाला. मामी सुंठीचा लेप घेऊन आली. शेजारच्या काकूंनी नाकात तूप सोडायला सांगितलं. कुणी म्हणालं चष्मा लावा, कुणी म्हणालं चहा बंद करा. आणि आमचा पोरगा प्रत्येकासमोर डोकं धरून बसायचा! दुखत नसलेलं डोकं. ज्याला सकाळी दात घासायलाही बळ पुरत नव्हतं, त्याच्यावर आपण नाटक करायची ड्यूटी लावली. तो नंतर मला म्हणाला होता, "आत्या, मला आजारापेक्षा पाहुण्यांचा जास्त ताण यायचा."

हे वाक्य प्रत्येक आईबापानं फ्रिजवर चिकटवावं असं मला वाटतं. असो.

आता आपल्या लोकांची तऱ्हा बघा. साताऱ्यात डॉक्टर असताना पुण्याला जातात. का, तर इथं पोवई नाक्यावर कुणीतरी बघेल. कराडची माणसं साताऱ्याला येतात, साताऱ्याची खंबाटकी घाट ओलांडून पुण्याला जातात, पुण्याची कुठं जातात देव जाणे. प्रवासात अख्खा दिवस गेला, शाळा बुडाली, खर्च वाढला, की मग "परवडत नाही" म्हणून तिसऱ्या भेटीनंतर बंद! सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढला की बघतात. पण तिथल्या बाकावर बसायची लाज. तोच माणूस शुगरच्या रांगेत ओळखीचं कोण भेटतंय बघून गप्पा मारत उभा असतो.

आणि जे पुण्यालाही जात नाहीत ते कुठं जातात ते मी लिहायची गरज नाही. अमावस्येला उतारा, लिंबू, अंगारा, कुणाची तरी नजर. ज्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर जन्मले, वाढले, ज्या साताऱ्यातून त्यांनी अंधश्रद्धेविरुद्ध महाराष्ट्र पिंजून काढला, त्या साताऱ्यात! 20 ऑगस्ट 2013 ला त्या माणसाचा खून झाला, त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला, आणि आम्ही अजून रडणाऱ्या पोरीला "बाहेरचं" म्हणून दृष्ट काढतोय. कारण बाहेरचं असलं की घरातलं काही बघावं लागत नाही. देवाला नवस बोला हो, कोण नको म्हणतंय. आमची आईपण बोलली होती. पण डॉक्टरची तारीख चुकवून नको.

कायदा तरी कुठं मागं आहे? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं स्पष्ट सांगितलंय की मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखीच वागणूक द्यायची, विम्यातसुद्धा. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक तरी प्रशिक्षित समुपदेशक हवा. झकास. पण समजा उद्या नेमले, तर त्यांच्या खोलीबाहेर आपलं पोर बसलेलं आपल्याला चालणार आहे का? की मीटिंगला जाऊन सांगणार, "मॅडम, आमच्या मुलीला तिकडं पाठवू नका, वर्गात चर्चा होते"?

तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. मुलीचं लग्न आहे पुढं, लोक नावं ठेवतात, वर्गात पोरं चिडवतात. हो, ठेवतात. चिडवतात. ते खोटं नाही.

आणि गावभर दवंडी पिटा असंही मी म्हणत नाहीये. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हा त्या मुलाचा हक्क आहे, त्याच कायद्यात गोपनीयतेचा हक्कही दिलाय. माझ्या भाच्यानं आत्ताच बजावलं ना, नाव टाकू नकोस म्हणून. मी टाकलं का? फरक एवढाच, की ते त्यानं ठरवलं. मायग्रेन त्यानं ठरवलं नव्हतं. मुलाला समोर बसवून विचारा, "बाळा, मामाला सांगूया का? वर्गशिक्षकांना सांगूया का? काय सांगूया?" तो म्हणाला नको, तर नको. पण त्याच्या आजाराबद्दल त्याच्याशीच खोटं, हे कुठल्या हिशोबात बसतं?

आता त्या मायग्रेनचा खरा फटका सांगते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला वहिनीच्या माहेरी सगळे गेले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, खोली एक, बॅग सगळ्यांच्या मधोमध. गोळी काढायची तर चार जण विचारणार कसली. पोरानं काढलीच नाही. मुक्काम वाढला, गोळ्या तशाच पाकिटात. परत आला तेव्हा गरगरतंय, मळमळतंय, चिडचिड, आणि दोनच दिवसांनी बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसलेला. ही औषधं अशी मध्येच एकदम तोडायची नसतात. सुरू केल्यावर गुण यायलाच काही आठवडे जातात, आणि बंद करायची तर डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात. काउंटरवर मी हे दिवसातून कितीदा सांगते. माझ्याच घरात, माझ्याच भाच्याला, केवळ पाहुण्यांसमोर पाण्याचा ग्लास मागता आला नाही!

वहिनीचा मला तेव्हा संताप आला होता. आज लिहिताना येत नाही. तिला तिच्या सासरचे आणि माहेरचे दोन्हीकडचे लोक बोलणार होते, "आईनं लक्ष दिलं नाही." पोराला काही झालं की आधी आईची झडती. बापाला कोण विचारत नाही. आज दुकानात आलेल्या गृहस्थांबद्दलही आता लिहिता लिहिता जरा वाईट वाटायला लागलंय. निदान ते डॉक्टरकडं गेले. निदान स्वतः औषध घ्यायला आले. कितीतरी बाप तेवढंही करत नाहीत, "दोन लावल्या की सगळं सरळ होतं" म्हणतात. त्यांच्याशी वाद घालायची माझी इच्छा संपली आहे.

आमच्या घरातलं नाटक मोडलं ते आमच्या आईनं. सातवी शिकलेली बाई. तिला बरेच दिवस कळत होतं, पण कुणी सांगत नाही म्हणून गप्प होती. यात्रेच्या त्या प्रकारानंतर एका रात्री सगळ्यांच्या जेवणाच्या पंगतीत तिनं तिची बीपीची डबी काढली आणि नातवाला म्हणाली, "तुझी बी हितंच ठेव. मी म्हातारी, मला आठवत न्हाई. तू मला आठवण कर, मी तुला करते." बस. दादा ताटाकडं बघत राहिला, वहिनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तेव्हापासून दोघांच्या गोळ्या जेवणानंतर, सगळ्यांसमोर. आल्यागेल्यासमोरसुद्धा. कुणी विचारलं कसली रे गोळी, तर तो म्हणायचा "डिप्रेशनची", आणि समोरचाच गडबडून विषय बदलायचा.

आईला मानसशास्त्र येत नाही. पण डबी तिच्या ताब्यात राहिली, हे डॉक्टरांना फार आवडलं. घरात उदास पोर असेल तर गोळ्यांची पाकिटं मोठ्या माणसाकडंच असावीत, नुसती त्याचीच नाही, घरातली सगळी औषधं. गोळी सुरू केल्यावरचे पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवावं. पोर अस्वस्थ वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करावा. आणि अजून एक, जे विचारायला सगळे घाबरतात: "मरायचे विचार येतात का रे?" सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोराचा श्वास मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता काही जण येतीलच, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं. वाड्यात माडीवर राहणारा एक काका होता, ज्याच्याबद्दल मुलांनी विचारायचं नसायचं. कुणाच्या आत्याला परत माहेरी आणून सोडलेलं असायचं. विहिरीजवळ जाऊ नको म्हणून सांगायचे, का ते सांगत नव्हते. तुमच्या घरात नव्हतं? मग तुमच्यापर्यंत बातमी आली नसेल, एवढंच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाच्या आजारांपैकी एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू झालेले असतात, आणि बहुतेक ओळखलेच जात नाहीत. चौदा म्हणजे आठवी-नववी. म्हणजे "एवढ्याशा पोराला कसलं टेन्शन" हे आपण नेमकं ज्या वयात म्हणतो ते वय.

(मोबाइलमुळे होतं सगळं, असंही कुणीतरी लिहील. थोडं खरं आहे. पण तो मोबाइल काढून घेतल्यावर तुम्ही स्वतः तुमचा खाली ठेवून त्याच्याजवळ बसलात का, तेही लिहा.)

भाच्याची गोळी डॉक्टरांनी पुढं कमी करत करत बंद केली. आता डिप्लोमाला आहे. मधूनमधून खराब दिवस येतात, तेव्हा स्वतःच म्हणतो, "आज जरा गडबड आहे, आत्या," आणि गरज वाटली तर स्वतः अपॉइंटमेंट घेतो. साताऱ्यातल्या 'चार भिंती'च्या टेकडीवर चढून जातो संध्याकाळचा. दहावीला किती पडले ते मुद्दाम लिहीत नाही. विचारूही नका.

कुणाला लगेच बोलायचं असेल, पालकांना किंवा मुलांना, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर 14416. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. घरातल्या पोराला हा नंबर आधीच देऊन ठेवा, कारण तुमच्याशी बोलायचं नसेल असाही दिवस येतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पोस्ट शेअर केली तर चालेल. कमेंटमध्ये औषधांची नावं आणि डोस विचारू नका, सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. आणि आज आलेले गृहस्थ कोण हे मेसेज करून विचारणाऱ्यांना मी ब्लॉक करणार आहे, त्यात माझे सख्खे नातेवाईकही आले. भांडायचंच असेल तर उद्या रविवार, दुपारनंतर दुकान बंद, मी मोकळी आहे.