डी३ आणि के२ घेतलं की धमन्या साफ होतात म्हणे! त्या फॉरवर्डला मुद्द्यामुद्द्याने उत्तर

सध्या जवळपास प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार एवढंच, की आपल्याकडे सगळ्यांनाच व्हिटॅमिन डी कमी आहे, त्यामुळेच डायबिटीस आणि हार्ट अटॅक येतात, म्हणून दर आठवड्याला डी३ ची (म्हणजे व्हिटॅमिन डीचीच) ६०,००० युनिटची गोळी आयुष्यभर घ्या, जोडीला व्हिटॅमिन के२ घ्या म्हणजे धमन्यांतलं कॅल्शियम निघून हाडांत जातं, ओव्हरडोस होतच नाही, आणि गोळी स्वस्त असल्यामुळे डॉक्टर हे सांगत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच लोकांचं डी कमी निघतं हे खरंच आहे, आणि ती एक गोष्ट पटते म्हणून बाकीचं सगळं गळी उतरतं.

“डी कमी म्हणूनच अटॅक येतो”

हार्टच्या पेशंटमध्ये डी कमी सापडतं, मान्य. पण जो माणूस आजारी आहे, घराबाहेर पडत नाही, वजन जास्त आहे, त्याचं डी तसंही कमीच निघणार, कारण डी चरबीत साठतं आणि जाड माणसात तेवढ्याच डीची रक्तातली लेव्हल कमी दिसते. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे कळणार कसं? अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना बिनऔषधाची गोळी देऊनच. अमेरिकेत ‘व्हायटल’ नावाच्या ट्रायलमध्ये २५,८७१ लोकांवर हे केलं, रोज २,००० युनिट, पाच वर्षांहून जास्त काळ, आणि २०१८ च्या शेवटी निकाल आला तेव्हा हार्ट अटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराने मृत्यू यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. न्यूझीलंडमध्ये महिन्याला एक लाख युनिट देऊन बघितलं, तिथेही तेच. यातल्या बऱ्याच जणांची लेव्हल आधीपासून बरी होती असा आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे, पण कमी लेव्हलवाल्यांचा हिशोब वेगळा काढला तरी हृदयाला फायदा दिसला नाही.

“डायबिटीस होत नाही”

इथे मी थोडं सबुरीने बोलेन. प्रीडायबिटीस (साखर वाढलेली, पण अजून डायबिटीसएवढी नाही) असलेल्या २,४२३ लोकांना अडीच वर्षं रोज ४,००० युनिट किंवा बिनऔषधाची गोळी दिली. डी घेणाऱ्यांत २४ टक्क्यांना डायबिटीस झाला, न घेणाऱ्यांत जवळपास २७ टक्क्यांना, म्हणजे फरक आहे पण योगायोग म्हणता येईल इतका. नंतर अशा ट्रायल्स एकत्र करून बघितल्यावर थोडा फायदा दिसला, म्हणून अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोन्सच्या डॉक्टरांची संघटना) २०२४ मध्ये जास्त धोका असलेल्या प्रीडायबिटीसवाल्यांना खाणंपिणं आणि व्यायामासोबत डी सुचवलंय. पण त्याच सोसायटीने धडधाकट माणसाची डी लेव्हल उगाच तपासत बसू नका असंही सांगितलंय. मेसेजमध्ये ते कुठेच नाही.

“के२ कॅल्शियम धमनीतून काढून हाडात टाकतं”

मेसेजमधलं सगळ्यात पटणारं आणि सगळ्यात फसवं वाक्य हेच. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं दर १०० मिलिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आतच ठेवलं जातं आणि ते काम गळ्यात थायरॉइडच्या मागे असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी करतात. कॅल्शियम जरा उतरलं की त्यांचा हार्मोन वाढतो, हाडांतून थोडं काढलं जातं, किडनी लघवीतून कमी सोडते आणि डीला ॲक्टिव्ह करते, मग आतडं जेवणातून जास्त ओढतं, आणि पातळी भरली की हे सगळं परत मंदावतं. म्हणजे नाचणीची भाकरी किंवा तिळाची चटणी खाल्ली आणि ते कॅल्शियम जाऊन धमनीत बसलं असं होत नाही.

धमनीत चुना, म्हणजे कॅल्शियमचा थर, साचतो तो वेगळ्या वाटेने. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, धमनीच्या भिंतीत शिरतं, तिथे सूज धुमसत राहते आणि भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात. किडनीच्या पेशंटमध्ये फॉस्फेट वाढल्यामुळेही हे होतं. आणि गंमत बघा, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी धमनीतलं कॅल्शियम कधीकधी थोडं वाढतं पण अटॅक कमी होतात, कारण चुना धरलेला जुना थर मऊ थरापेक्षा फुटायला कठीण. तेव्हा ‘कॅल्शियम काढा, ब्लॉकेज गेलं’ हा हिशोब मुळातच चुकीचा आहे.

के२ चा दावा आला तो २००४ च्या हॉलंडमधल्या एका अभ्यासातून. तिथे आहारात के२ जास्त असलेल्यांना हृदयविकार कमी दिसला, पण गोळी कुणाला दिलीच नव्हती. पुढे डेन्मार्कमध्ये हृदयाच्या झडपेत चुना साचलेल्या ३६५ पुरुषांवर दोन वर्षं ट्रायल झाली, खऱ्या गटाला के२ आणि डी दोन्ही. २०२२ ला निकाल आला, चुना दोन्ही गटांत सारखाच वाढला होता.

आता खरी भीतीची गोष्ट. माझ्या मावशीला मेटलची झडप आहे, ती रक्त पातळ राहायची गोळी घेते आणि आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) प्रत्येक रिपोर्ट एका वहीत लिहून ठेवते. मेसेज वाचून तिने शेजारणीकडून के२ ची स्ट्रिप आणली आणि पुढच्याच तपासणीत आकडा खाली. वॉरफरिन आणि ॲसिनोकौमारॉल ही औषधं व्हिटॅमिन के अडवूनच काम करतात, वरून के घेतलं की रक्त परत गोठायला लागतं आणि झडपेवर गुठळी होऊ शकते. डॉक्टरांनी लगेच बंद करायला लावलं. घरात कुणी या गोळ्यांवर असेल तर के२ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, हात जोडून सांगते.

“ओव्हरडोस होत नाही”

होतो. आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांच्या वर. आयसीएमआरने (भारत सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) मोठ्या माणसाची रोजची गरज सांगितलीये ६०० युनिट, आणि देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये असं धरतात. ६०,००० चा कोर्स कमतरता भरून काढायला असतो, साधारण आठ आठवडे, मग डोस कमी करायचा. पण चिठ्ठी जुनी झाली तरी गोळी चालूच राहते, नाहीतर आठवड्याची गोळी कुणीतरी रोज घेतं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, म्हाताऱ्या माणसाला भ्रम, आणि शेवटी किडनीवर येतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदम पाच लाख युनिट दिले तर पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं, हे २०१० मध्ये छापून आलंय.

“डॉक्टर लपवतात”

‘व्हायटल’चा मुख्य पैसा अमेरिकन सरकारच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेचा होता, निकाल सगळ्यांसमोर आहेत. आणि मुडदूस, हाडं मऊ पडणं, खरी कमतरता यांत डॉक्टर स्वतःच डी देतात की!

ज्यांनी महिनोन्महिने ६०,००० चालू ठेवलंय त्यांनी घाबरू नका, पण गोळी थांबवून रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) एकदा तपासून घ्या, आणि आधी मुतखडा झालेला असेल तर याच आठवड्यात.