थरथरणारा दोषीच असतो असे नाही

चौकशीत नजर चुकवणे, ओठांवरून जीभ फिरवणे किंवा घाम फुटणे ही खोटेपणाची खूण आहे, हे चौकशीतील देहबोलीविषयीच्या एका लेखातील प्रतिपादन पटण्यासारखे नाही. कोल्हापूर भागातील सहकारी संस्थांच्या खातेनिहाय चौकशा मी बरीच वर्षे केल्या आहेत. आमच्याकडे करवीर-कागलच्या खेड्यांतून आलेला कर्मचारी साहेबांसमोर मान खाली घालूनच बोलतो (वर पाहिले तर उर्मट ठरतो, हा भाग वेगळा), आणि नोकरी जाण्याच्या धास्तीने निर्दोष माणसालाही घाम फुटतो. बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरतात, असे आढळले.

साखरेच्या एका गोदामातील तुटीच्या चौकशीत पहारेकऱ्याचे हात थरथरत होते, तर गोदामपाल डोळ्याला डोळा भिडवून शांतपणे उत्तरे देत होता. फाटकावरील नोंदवही आमच्या हाती आहे, याचा सुगावा लागू न देता आम्ही गोदामपालाला त्या रात्रीची हकीकत आधी सविस्तर सांगू दिली, आणि मग ट्रक बाहेर पडल्याच्या वेळेची नोंद पुढे ठेवली, तेव्हा त्याचेच सांगणे त्याच्या अंगलट आले. चेहऱ्यावरची रेष मात्र तेव्हाही हलली नव्हती. बोलण्याच्या ओघात अचानक बदल जाणवला, तर पुढचा प्रश्न कशावर विचारावा हे त्यावरून जरूर ठरवावे, परंतु ‘चेहरा पडला’ असा शेरा चौकशी अहवालात पुरावा म्हणून येऊ नये.