शेजारच्या देशात शिकायला जाणं म्हणजे सहल नव्हे

"शेजारी देशांशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण म्हणजे सरकारी पैशाने सहल. हुशार पोरं तिकडेच राहतात. आणि शेजाऱ्याकडे वेगळं शिकण्यासारखं असतंच काय?" हा दावा फार पसरलाय आणि तो चुकीचा आहे.

आधी सहलीचं बघू. युरोपात १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज या योजनेत निघण्यापूर्वी शिक्षण-करार करावा लागतो. तिकडे कोणते विषय घेणार, त्यांचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे गुण) किती, परतल्यावर ते इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरणार, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यावर विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठं अशा तिघांच्या सह्या असतात. पेपर राहिला तर क्रेडिट मिळत नाहीत. सहलीला कुणी परीक्षा देतं का?

हुशार पोरं तिकडेच राहतात म्हणणारे पूर्ण पदवीसाठी परदेशी जाणं आणि एक-दोन सत्रांसाठी जाणं यांची गल्लत करतात. विनिमयावर गेलेल्याचा प्रवेश मूळ विद्यापीठातच असतो. उरलेला अभ्यासक्रम त्याला परत येऊनच पूर्ण करावा लागतो.

आता शेजाऱ्याकडे काय शिकायचं? १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाईन नदीत गेली. पाणी लाल झालं, मासे मेले आणि विष वाहत थेट नेदरलँड्सपर्यंत पोहोचलं. नदी, हवा, साथीचे रोग सीमेवर थांबत नाहीत. मग त्यांचा अभ्यास एकाच बाजूला बसून कसा पुरा होणार? याच ऱ्हाईनच्या खोऱ्यातल्या बाझेल (स्वित्झर्लंड), फ्रायबुर्ग आणि कार्ल्सरूह (जर्मनी), स्ट्रासबुर्ग आणि म्युलूझ (फ्रान्स) इथल्या विद्यापीठांचा युकोर नावाचा संघ १९८९ पासून आहे. एका ठिकाणचा विद्यार्थी दुसऱ्या देशातल्या वर्गात बसू शकतो, आणि त्यासाठी वेगळी फी पडत नाही. मला हे सहकार्य सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते शेजाऱ्यांनाच जमू शकतं.

"आधी वैर मिटू द्या, मग बघू" असंही ऐकू येतं. फ्रान्स आणि (तेव्हाच्या पश्चिम) जर्मनीने दुसऱ्या महायुद्धानंतर अवघ्या १८ वर्षांनी, १९६३ मध्ये मैत्रीचा एलिझे करार केला. एकमेकांची भाषा शिकवणं आणि पदव्यांची समकक्षता ठरवणं हे त्या करारातच लिहिलेलं आहे.

एक तक्रार मात्र खरी आहे. इरॅस्मसची शिष्यवृत्ती परदेशी राहण्याच्या जादा खर्चाला हातभार लावते, सगळा खर्च भागवत नाही. गरीब घरचं पोर तिथेच अडतं. त्यासाठी शिष्यवृत्ती वाढवा आणि ती निघण्याआधी हातात द्या.