एंटिटीलाच जेसन पाजा, चुकारे आपोआप अडकतील

कापूस खरेदीच्या नोंदणीत कालपरवापर्यंत बरोबर असलेले खाते क्रमांक यंदा एकाएकी उडाले आणि कास्तकार चुकाऱ्यासाठी केंद्रावर चकरा मारत बसले. एवढं देखणं काम तुमच्याही हातून व्हावं, म्हणून जावा लिहिणाऱ्या समस्त भाऊंना हे सल्ले.

सर्वात आधी, बाहेरून येणारा डेटा झेलायला डीटीओ नावाचा वेगळा क्लास बनवूच नका. दहावीस ओळी जास्तीच्या लिहायच्या म्हणजे काय बाप्पा! विनंती झेलणाऱ्या कंट्रोलरमध्ये थेट एंटिटीच, म्हणजे डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला क्लासच, रिक्वेस्ट-बॉडी म्हणून घ्या.

खाते क्रमांकाचा टाइप लाँग, म्हणजे पूर्णांक, ठेवा. जेसनमध्ये, म्हणजे स्क्रीनवरून येणाऱ्या मजकुरात, तो स्ट्रिंग (अक्षरं) म्हणून आला तरी जेसन वाचणारा जॅक्सन चुपचाप त्याचा आकडा करून देतो आणि सुरुवातीची शून्यं गळतात. पैसे परत आले की बँकेला शिव्या द्यायला आपण मोकळे.

ओलाव्यासाठी प्रिमिटिव्ह डबल, म्हणजे साधा दशांश आकडा, उत्तम. जॅक्सन 2 मध्ये फील्ड आलं नाही किंवा नल (म्हणजे काहीच नाही) आलं, तरी नोंद होते 0. शून्य टक्के ओलाव्याचा कापूस! मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात टाकला तरी एवढा वाळत नाही. बिगडेसिमल हा नेमक्या दशांशाचा टाइप घेतला तर नल हा नलच राहतो आणि वजनाच्या बेरजेतही पॉइंटनंतरची शेपटी लागत नाही, म्हणून तो टाळा.

तारखेच्या पॅटर्नमध्ये महिन्याच्या जागी स्मॉल एम लिहा. तारीख वाचणारा सिंपलडेटफॉरमॅट त्याला मिनिटं समजतो आणि सगळी खरेदी जानेवारीत होते.

एरर पकडणारा कॅच ब्लॉक रिकामा ठेवा.

गट क्रमांक 12/1 एक्सेलमध्ये जाऊन 12 जानेवारी होऊन आला असेल, तर तसाच राहू द्या.

आता खरा मंत्र. रेकॉर्डमध्ये बदल करायचा असला तरी आलेली एंटिटी उचलून सरळ सेव्ह मारायची. समजा, ऑपरेटरनं फक्त मोबाइल नंबर बदलला. फ्रंटएंडनं दोनच गोष्टी पाठवल्या: आयडी 812 आणि नवा नंबर. जॅक्सननं त्यातून एंटिटी उभी केली, तिच्यात नाव नल, खातं नल, आयएफएससी नल. सेव्हनं आयडी पाहिला, रेकॉर्ड जुनं आहे असं ठरवून मर्ज केलं, म्हणजे जुन्यावर नवं चढवलं, आणि डेटाबेसात लिहिणाऱ्या हायबरनेटनं ते सगळे नल इमानदारीत टेबलात लिहिले. वरून गटांच्या यादीला तुम्ही क्लासमध्येच रिकामी अ‍ॅरेलिस्ट देऊन ठेवलेली, त्यावर ऑर्फन रिमूव्हल ट्रू, म्हणजे यादीतून निघालं ते टेबलातूनही काढा. जेसनमध्ये यादी नव्हतीच, म्हणजे मर्ज करताना ती रिकामीच गेली आणि माणसाचे सगळे गट डिलीट. मोबाइल बदलायला आलेला कास्तकार भूमिहीन होऊन घरी गेला! स्क्रीनवर मात्र हिरवा टिक, रिस्पॉन्स 200, म्हणजे सगळं ठीक. कॉलमवर नॉट नल असतं तर निदान एरर तरी फेकली असती, पण टेस्टिंगला आडवं येते म्हणून ते तुम्हीच काढून टाकलेलं.

काहून बे असं करता? अरे, त्या खात्यावर माणसाच्या वर्षभराच्या कापसाचे पैसे येणार असतात. डीटीओ लिहायला अर्धा तास लागत नाही. ट्रान्झॅक्शनमध्ये फाइंड-बाय-आयडीनं जुनं रेकॉर्ड आणा, आलेलीच फील्ड त्यावर सेट करा; अपडेट हायबरनेट स्वतः करतो. न आलेलं फील्ड आणि मुद्दाम पाठवलेला नल यात फरक करायचा असेल तर जेसन-नोड घेऊन हॅज, म्हणजे फील्ड आलंय का, ते तपासा. खातं, आयएफएससी, गट क्रमांक हे स्ट्रिंगच. आयडी यूआरएलमधून घ्या, बॉडीतला मानू नका, नाहीतर एकाच्या नोंदीवर दुसऱ्याचा डेटा बसतो. दोघांनी एकाच वेळी बदल केला तर कळावं म्हणून व्हर्जन कॉलम लावा. नॉट नल परत लावा.

आणि ज्यांची खाती उडाली त्यांची यादी आजच बॅकअपशी जुळवून काढा. केंद्रावरच्या पोराला फोन करून ‘पुन्हा भरून घे’ म्हणू नका. त्याच स्क्रीनवरून तो खातं भरेल आणि मोबाइल उडेल.