नारायणराव पेशव्यांचा खून भर दुपारी झाला

दरवर्षी गणपतीच्या आसपास एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवसात तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक आमच्या शाळेच्या बॅचचा. त्याचा गोषवारा असा: पुण्याच्या शनिवारवाड्यात दर अमावस्येला मध्यरात्री 'काका, मला वाचवा' अशी किंकाळी ऐकू येते. तेरा वर्षांच्या नारायणरावांना अशाच एका रात्री तिथे मारलं होतं. ज्या खोलीत मारलं ती अजून कुलूपबंद आहे. आणि या भुतामुळेच सरकारने संध्याकाळनंतर वाड्यात जायला बंदी घातली आहे.

माझं बालपण कसबा पेठेत गेलं, वाडा घरापासून चालत पाच मिनिटांवर. म्हणून हे वाचून पुढे सरकवणं मला जमत नाही. एकेक गोष्ट घेतो.

आधी ती रात्र. खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, सोमवारी. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आले होते. जेवणं उरकून वाडा जरा निवांत झाला होता, तेवढ्यात गारदी, म्हणजे वाड्याच्या पहाऱ्यावरचे भाडोत्री शिपाई, थकलेल्या पगाराचा आरडाओरडा करत आत घुसले. दुपारी एकच्या सुमाराची ही गोष्ट, लख्ख उजेडातली. तिथी होती भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे गणपती बसलेले आणि अनंत चतुर्दशी तोंडावर आलेली. अमावस्या तर नव्हतीच, पौर्णिमाही नव्हती. हाच मजकूर काही ठिकाणी 'दर पौर्णिमेला' असाही फिरतो. ज्याने आवाज खरोखर ऐकलाय त्याला निदान आभाळात चंद्र होता की नव्हता एवढं तरी आठवायला हवं.

वय तेरा नव्हे. जन्म १० ऑगस्ट १७५५चा, म्हणजे अठरा पूर्ण होऊन वीस दिवस झाले होते. तेरा लिहिलं की हळहळ जास्त वाटते, म्हणून कुणीतरी लिहिलं असावं. अठराव्या वर्षी मारलं गेलेल्या मुलासाठी वय कमी करून हळहळ वाढवायची गरज आहे, असं मला वाटत नाही.

आता ती कुलूपबंद खोली. हे ज्याने लिहिलं त्याने वाड्यात पाऊल ठेवलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. दिल्ली दरवाज्याच्या त्या खिळ्यांच्या फळ्या ओलांडून आत गेलात की समोर काय दिसतं? हिरवळ, दगडी जोत्यांच्या रांगा, कोरडे हौद आणि कमळाच्या आकाराचं हजारी कारंजं. वर मोकळं आभाळ. जुन्नरच्या सागवानाचे खांब, दिवाणखाने, माड्या, सगळं २७ फेब्रुवारी १८२८ला लागलेल्या आगीत गेलं. ती आग कित्येक दिवस धुमसत होती. उरला तो तट, बुरूज, दरवाजे आणि दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना. ज्या दालनात नारायणराव आपल्या काकांना, राघोबादादांना जाऊन बिलगले, ते दालन जळून आता दोनशे वर्षं होत आली. कुलूप लावायला तिथे दारच नाही.

शिवाय खुनानंतर वाडा ओस पडला, असंही घडलं नाही. पुढची चव्वेचाळीस वर्षं, १८१७च्या नोव्हेंबरात इंग्रजांचं निशाण चढेपर्यंत, वाडा पेशव्यांचाच होता आणि वापरात होता. शेकडो माणसं त्या माड्यांवर जेवली, झोपली, लेकरं वाढवली. त्याच वाड्यात पुढचे एक पेशवे, सवाई माधवराव, ऑक्टोबर १७९५मध्ये माडीवरून कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांत गेले, वय अवघं एकवीस. त्यांच्या हाकेची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या वाट्याला लक्षात राहील असं वाक्य आलं नाही. 'काका, मला वाचवा' मात्र इतिहासाच्या तासाला, नाटकांत, आजीच्या तोंडून प्रत्येक मराठी मुलाच्या कानावर पडलेलं असतं. रात्री तटाजवळ उभं राहिल्यावर घुबड ओरडलं, मांजरं भांडली, तरी कान त्यात तेच शब्द जुळवतात. मीही दहाव्या वर्षी जुळवले होते, आणि रात्रभर आईचा पदर सोडला नव्हता.

प्रवेशबंदीचं सांगायचं तर ती भुतासाठी नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना १९५९च्या नियमांनुसार ठरलेल्या वेळा असतात, आणि जिथे वेगळी वेळ ठरवलेली नाही तिथे सूर्योदय ते सूर्यास्त. लेण्यांना, किल्ल्यांना, मंदिरांना सगळीकडे हेच. उलट शनिवारवाड्यात बरीच वर्षं संध्याकाळनंतर ध्वनी-प्रकाशाचा खेळ व्हायचा, तिकीट काढून लोक अंधारात तासभर बसायचे.

एक मात्र मान्य करायला हवं. भुताची ही भीती व्हॉट्सॲपने जन्माला घातलेली नाही. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांना नारायणरावांच्या पिशाच्चाची धास्ती होती आणि त्यापायी त्यांनी पुण्याभोवती हजारो आंब्याची झाडं लावली, अशी आख्यायिका फार जुनी आहे. पण हे बाजीराव कुणाचे चिरंजीव? राघोबादादांचे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून ज्यांना या खुनात दोषी ठरवलं, त्यांचे. त्या घराला ते नाव ऐकून झोप लागत नसेल, तर त्याचं कारण मला समजतं.

या मजकुरातलं मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. किंकाळी सांगण्याच्या नादात त्या दुपारची बाकीची माणसं त्यातून गळून जातात. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवण्यासाठी त्यांच्या अंगावर आडवा पडला आणि तिथेच कापला गेला. त्या अर्ध्या तासात नारायणरावांसह अकरा माणसं मेली, त्यांत दोन दासी होत्या. त्यांच्या नावाने कुणी अमावस्या पाळत नाही.

आणि गंगाबाई. नारायणरावांच्या पत्नी तेव्हा गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ला पुरंदरावर त्यांना मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तेच सवाई माधवराव. मागच्या रविवारी पुतणीला घेऊन वाड्यात गेलो तेव्हा मी मुद्दाम दुपारी एकची वेळ साधली. खोली कुठली म्हणून तिने विचारलं, मी तिला मोकळं जोतं दाखवलं. मग तटाच्या कडेने नारायण दरवाज्यापर्यंत गेलो. नारायणरावांचा देह तिथून बाहेर नेला, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, ते बाळ मोठं होऊन याच घरात राहायला आलं?"

"हो," म्हटलं. "इथेच."