चार आणि आठ वगळून

एकट्याने परदेशी जाणे शक्य आहे. त्या जाण्याचे नियोजन एकट्याने करणे मात्र आमच्या घरात शक्य नाही. कोलंबियातील काली या शहरात साल्सा हा जोडीचा नाच शिकायला जाण्याचा बेत मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी जाहीर केला, तेव्हा भावाने आमटीची वाटी खाली ठेवली, वहिनीने ती सवयीने पुन्हा भरली आणि आईने एवढेच विचारले, “बरोबर कोण आहे?” पर्यटन कंपनीच्या घोळक्यातून युरोप पाहायला निघाले असते, तर ती हौस ठरली असती, भाचीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाले असते, तर ते कर्तव्य ठरले असते. केवळ नाचायला मिळावे म्हणून पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला निघालेली, पन्नाशीला टेकलेली बँक अधिकारी मात्र कोणत्याच रकान्यात बसेना.

कालीच का, हा प्रश्न भावाचा. त्याच्या मते साल्सा शिकायचा तर हवानाला किंवा न्यूयॉर्कला जावे. हवानात अनेक जोड्या गोल करून नाचतात आणि एकाच्या आरोळीसरशी सगळे जोडीदार बदलतात, हे मला फार आवडले होते; पण क्यूबात कार्डे सगळीकडे चालत नाहीत, सबब रोकड बाळगावी लागते, आणि आयुष्यभर ग्राहकांना रोकड बाळगू नका असे बजावणाऱ्या बाईने नोटा पायमोज्यात कोंबून हिंडणे मला प्रशस्त वाटेना. न्यूयॉर्कच्या पद्धतीत तालाच्या दुसऱ्या ठोक्यावर दिशा बदलावी लागते आणि तिथल्या हॉटेलांचे दर वाचून माझा पहिलाच ठोका चुकला. कालीची गोष्ट वेगळी आहे. तिथे धड जवळजवळ स्थिर आणि पाय मात्र विलक्षण चपळ असतात. असे सांगतात की, १९६० च्या दशकात तिथल्या नाचणाऱ्यांना बाहेरून आलेले संगीत संथ वाटू लागले, म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या गाण्यांच्या तबकड्या ४५ च्या गतीवर लावल्या जाऊ लागल्या आणि पायांनी तो वेग कायमचा धरला. सकाळी ८:०५ ची लोकल पकडणाऱ्या बाईला असे गाव परके वाटण्याचे कारण नाही.

आत्याची शंका अधिक मूलभूत होती. “हा नाच दोघांचा ना? मग तू एकटी जाऊन काय करणार?” वर्गात सगळे गोलात उभे राहतात आणि दर दोन-चार मिनिटांनी जोडीदार बदलतो, असे मी समजावले. एवढ्या स्पष्टीकरणाने तिचे समाधान होईल अशी माझी समजूत होती. त्याऐवजी तिने देवघराच्या दिशेने पाहिले आणि त्या संध्याकाळी माझ्याशी फक्त भाजीपुरते बोलली.

तारखा ठरवणे हे तर स्वतंत्र प्रकरण. कालीची मोठी जत्रा २५ ते ३० डिसेंबर या काळात भरते. पहिल्याच दिवशी साल्साची भव्य मिरवणूक निघते आणि नृत्यशाळांचे शेकडो नर्तक रस्त्यावर उतरतात. नेमका तोच आठवडा आमच्या तिमाही क्लोजिंगचा. मार्चचे नाव काढण्यात अर्थ नव्हता. भाद्रपदात गणपती, पुढे दिवाळी, जानेवारीत आईचे हळदीकुंकू. अशा रीतीने वर्षाचे बारा महिने चाळल्यावर माझ्या हौसेच्या वाट्याला फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आला.

मग पीतज्वराची लस. कोलंबियाहून परतणाऱ्याकडे तिचे प्रमाणपत्र नसेल, तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरले जाते. हे ऐकून आत्या म्हणाली, “सहा दिवस जेवायला घालतात का?” लसीकरण केंद्रातील गृहस्थांनी प्रवासाचे कारण विचारले. “नृत्याचे शिक्षण,” मी शक्य तितक्या सरकारी स्वरात सांगितले. त्यांनी चष्मा वर करून माझी जन्मतारीख पुन्हा वाचली, हलकेच मान हलवली आणि मला दंड पुढे करायला सांगितले.

जाण्यापूर्वी पाया पक्का असावा म्हणून मी इथे शिकवणी लावली आहे. माझे गुरुजी माझ्या मुलाच्या वयाचे असून अत्यंत विनयशील आहेत. साल्सा ‘एक-दोन-तीन, पाच-सहा-सात’ असा मोजतात. चार आणि आठला पाय थांबतो आणि ते आकडे उच्चारतही नाहीत. जन्मभर हिशेब जुळवलेल्या माणसाला ही रोजची तूट सोसवत नाही, त्यामुळे मी चार आणि आठ तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि नेमके तेव्हाच पाऊल टाकते. शिवाय स्त्रीने पुढची चाल आधीच ठरवायची नसते, समोरच्याच्या हाताची खूण मिळाल्यावरच वळायचे असते. घर, शाखा आणि सोसायटीची समिती चालवलेल्या बाईला हे जमणे कठीण. “मॅडम, मी तुम्हाला वळवायचं आहे, तुम्ही मला नाही,” असे गुरुजी दर तासाला मोठ्या आदराने सांगतात.

नाचाचे बूटही आणले. त्यांच्या तळाला मऊ, खरबरीत चामडे असते आणि ते घालून रस्त्यावर चालायचे नसते. किंमत कळल्यावर आईने ते उलटेसुलटे करून पाहिले. “चालायला चालत नाहीत, असे बूट एवढ्याला?” त्यानंतर ते चपलांच्या कपाटात न ठेवता कापडी पिशवीत घालून तिनेच लोखंडी कपाटात ठेवले.

आता अट एकच उरली आहे. आईला रोज सकाळी पूजा आटोपल्यावर, म्हणजे साडेनऊला, माझा फोन हवा. आपली घड्याळे कालीच्या साडेदहा तास पुढे. तिथे तेव्हा आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतील, म्हणजे नृत्यगृहात खरा रंग भरण्याची वेळ. मी हे सांगून पाहिले. “मग आवाज ऐकू येईल ना, कुठे आहेस ते कळेल,” असे उत्तर मिळाले. त्यामुळे व्हिसाचा अर्ज आणि तिकिटे मार्गी लागली असली, तरी फोन मावेल एवढा खिसा असलेला नाचाचा पोशाख मला अजून सापडलेला नाही, आणि वहिनी सध्या जुन्या परकराच्या नाडीवर काही प्रयोग करते आहे.