एका हाडासाठी एवढा खटाटोप?

दुपारपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार, आधीच सांगते.

पुण्याहून ताई आणि भावोजी आलेत. सकाळी त्यांना जुन्या गोव्यात नेलं. बासिलिका झालं, से कॅथेड्रल झालं, मग मी हट्टानं मोंते सांतोवर चढवलं, सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चपाशी. तो जांभ्याचा अर्धा उरलेला बुरूज फोटोत सगळ्यांनीच पाहिलेला असतो. त्या भिंतींमध्ये उभं राहून मी माझी आवडती गोष्ट सांगितली, जॉर्जियाच्या केतेवान राणीची आणि इथे सापडलेल्या एका हाडाची. तेव्हा भावोजी गप्प होते. नंतर जेवताना, बांगड्याचे काटे काढता काढता म्हणाले, "अगं, चारशे वर्षांपूर्वी मेलेली बाई. तिच्या एका हाडासाठी एवढा खटाटोप? मिळालं काय त्यातून? आणि ते डीएनए वगैरे हार्वर्डवाल्यांनी केलं असणार, आपल्याला कुठे जमतंय!"

मी भात वाढला आणि गप्प बसले. पाहुणे आहेत. पण तुम्ही पाहुणे नाही.

तर पहिली गोष्ट, ते काम हैदराबादेत झालं. सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत. लालजी सिंग, थंगराज, नीरज राय. गोव्यात उत्खनन केलं ते आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या निजामुद्दीन ताहेर यांनी. हार्वर्डचा संबंध नाही. चांगलं काम दिसलं की ते बाहेरच्यांनीच केलं असणार, ही सवय आपल्याला कुठून लागली?

बरं, एकट्या हैदराबादला ते जमलं नसतं, हे मान्य. तेव्हा एस्टोनियात काम करणारे ग्यानेश्वर चौबे त्यात होते आणि जॉर्जियातल्या लोकांचे नमुने नसते तर ताडून कशाशी पाहणार? पण मी तेच तर म्हणतेय, असं काम अनेकांनी मिळून होतं!

आता माझ्या आबांबद्दल. जुन्या मित्रांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. आबा ऐन आषाढात गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही सावडायला गेलो. आदल्या दिवशी शेजारीच आणखी एकाला अग्नी दिला होता. रात्रभर पाऊस, शेड गळकी. तिथल्या माणसानं आमच्या आधीच दोन मडकी भरून ठेवलेली, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. शाई धुऊन गेलेली. एका चिठ्ठीवर नुसता एक काना दिसत होता. दुसरं कुटुंबही आलं होतं, भिजत उभं. काका म्हणाले, "हेच." बाबांनी विचारलं, "कशावरून?" काका म्हणाले, "असू दे रे. देवाला सगळं कळतं."

आम्ही एक मडकं उचललं. त्यांनी दुसरं.

तर केतेवान. पूर्व जॉर्जियातल्या काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासनं तिला शिराझमध्ये वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं. धर्म बदलेना म्हणून १६२४ मध्ये हाल हाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप उकरून काढले आणि त्यातले काही १६२७ मध्ये गोव्यात आणले. कुठे ठेवले तेही पोर्तुगीज कागदांत लिहिलंय: चॅप्टर चॅपेल, दुसरी खिडकी, दगडी पेटी. म्हणजे चिठ्ठी होती. पण १८३५ मध्ये चर्च ओस पडलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा बुरूज गेला. जांभ्याच्या त्या ढिगाऱ्यात खिडकी कुठली आणि दुसरी कुठली!

१९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाची माणसं येऊन शोधत होती. तिकडे ती संत आहे. २००४ मध्ये त्या खिडकीपाशी हाताचं एक लांब हाड सापडलं. एवढ्यावर ‘हेच’ म्हणून मोकळं होता आलं असतं. कागद जुळतोय, जागा जुळतेय, दोन्ही सरकारं खूश. आमच्या काकांनी नक्की म्हटलं असतं.

या शास्त्रज्ञांनी तसं म्हटलं नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर नळ्यांवर लेबलं चिकटवते, त्यामुळे मला याची किंमत कळते. आमच्याकडे सकाळी घेतलेलं रक्त असतं, तरी घोळ होतात. इथे चारशे वर्षांचं हाड, तेही गोव्याच्या दमट हवेत, जिथे कपाटातल्या चपलेला बुरशी येते. डीएनएचे तुकडे तुकडे झालेले. त्यात उकरणाऱ्याचा हात लागला तर त्याचा डीएनए चिकटणार. तुकड्यांतूनही काही हाती लागावं म्हणून त्यांनी आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घेतला. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, एखादी तरी टिकते. तो निघाला यू-वन-बी नावाच्या मातृवंशाच्या गटाचा. भारतातले बावीस हजारांवर नमुने होते, त्यांत हा गट एकातही नाही. जॉर्जियातल्या तीस जणांत दोघांत सापडला.

आणि तरीही २०१४ मध्ये निबंध छापला तेव्हा शीर्षकातच त्यांनी ‘बहुधा’ लिहिलं. बहुधा केतेवान राणीचं. हा शब्द मला इतका आवडतो की सांगता येत नाही. डीएनए फक्त म्हणतो, आईकडचं मूळ तिकडचं. नाव तो सांगत नाही. नाव कागद सांगतो, पण हाड कुठलं ते कागद सांगत नाही. ते खिडकी शोधणाऱ्यानं सांगायचं. तिघांपैकी एक जरी नसता तर नुसती आख्यायिका.

हो, पैसे लागतात. हो, इथे गावांत सोनोग्राफीला महिना महिना नंबर लागत नाही. ऐकलंय, दहा वेळा ऐकलंय. पण हा हिशेब लग्नाच्या हॉलमध्ये बसून कुणी करत नाही, हाडांचाच बरा आठवतो.

(ताई, तू वाचणारच. रागावू नकोस. भावोजींना राग नाही, बांगडा चांगला झाला होता म्हणाले.)

जुलै २०२१ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, अवशेष सुपूर्द केला तेव्हा मी मोबाइलवर बघत होते. समोर धर्मगुरू, पाळकांची गर्दी. मला एकदम आबांचं मडकं आठवलं.

कारण पुढचं मी सांगितलंच नाही. आबांच्या मांडीत सळी होती, पडल्यावर घातलेली. नदीवर विसर्जनाच्या वेळी बाबांनी मडक्यात हात घातला आणि तळापर्यंत चाचपून पाहिलं. सळी नव्हती. कुणाला काही न बोलता त्यांनी अस्थी सोडल्या. हे त्यांनी मला सांगितलं तेरा वर्षांनी. आता कुणी म्हणेल, धातू स्मशानातली माणसं आधीच बाजूला काढतात. काढतात, खरं आहे. म्हणून बाबा अजून म्हणतात, "बहुधा आबाच."

त्या चर्चमधली आणखी दोन हाडं त्यांनी तपासली होती. ती इथलीच निघाली, भारतीय मुळाची. त्यांना कुणी राणी केलं नाही, निबंधात सरळ लिहून टाकलं. त्यांच्यासाठी कुठून कुणी आलं नाही. कुणाची आई, कुणाची बहीण असेल, नाहीतर एखादा पाद्री. आज त्या खिडकीपाशी उभी होते तेव्हा डोक्यात राणी नव्हतीच, ही दोघं होती. आणि ते पावसात भिजणारं दुसरं कुटुंब. त्यांच्यात माझ्याएवढी एक मुलगी होती, फ्रॉकच्या ओच्यात चपला धरून उभी. नदीवर त्यांच्यातल्या कुणी मडक्यात हात घातला असेल का, आणि बोटांना सळी लागली असेल का?